ईएमआर: वॉर्डातल्या सिस्टरचा आठ-नऊ महिन्यांचा अनुभव

आमच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात ईएमआर, म्हणजे पेशंटची फाईल कागदाऐवजी कॉम्प्युटरवर, येऊन आठ-नऊ महिने झाले. सॉफ्टवेअरचं नाव घेत नाही. मला जे म्हणायचंय ते कुठल्याही सॉफ्टवेअरला लागू पडेल. मी मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज सिस्टर, म्हणजे रात्री साडेअकराला "सिस्टर, लॉगिन होत नाहीये" हा फोन जिला येतो ती.

आधी जे पटलं ते. लॅबचे रिपोर्ट. पूर्वी सकाळचा रिपोर्ट अकरापर्यंत आला नाही की मावशींना लॅबमध्ये पिटाळायचं, आणि त्या कधीकधी भलत्याच पेशंटचा घेऊन यायच्या. आता पोटॅशियम ६.१, म्हणजे धोक्याइतकं जास्त, आलं की लॅबने सोडल्या सोडल्या स्क्रीनवर लाल दिसतं. "हे खूळ टिकणार नाही" म्हणणारे सरही राऊंडला आधी रिपोर्टचंच पान उघडतात. दुसरं, अक्षर. औषध जेनेरिक नावाने आणि सुवाच्य, शक्यतो कॅपिटलमध्ये लिहावं हा मेडिकल कौन्सिलचा नियम २०१६ पासूनचा. आमच्याकडे तो पाळला गेला स्क्रीन आल्यावर. फार्मसीतून येणारा "हे काय लिहिलंय?" हा फोन जवळपास बंद झाला.

अक्षराचा घोटाळा गेला, तसा यादीचा आला. डी-ओ टाइप केलं की डोब्युटामिन आणि डोपामिन एकाखाली एक. दोन्ही ड्रिपमधून द्यायची, दोन्ही गंभीर पेशंटची, पण कामं वेगळी. मागे लागून नावांतली फरकाची अक्षरं मोठी करून घेतली. तापाचंही तेच. आपल्याकडे थर्मामीटर फॅरनहाइटचा, सगळं बोलणं फॅरनहाइटमध्ये, आणि रकाना फक्त सेल्सियस घ्यायचा. १०१.२ टाकलं की लाल चौकोन. मग मोबाइलवर हिशेब करून ३८.४ भरा, आणि सरांनी "ताप किती?" विचारलं की परत उलटा हिशेब. वॉर्डात एक दिवस उभं राहिलेल्या माणसाने हे बनवलं असतं तर ही वेळ आली नसती. आता दोन्ही चालतं.

खरं दुखणं मात्र निराळं. मॅनेजमेंटच्या मीटिंगमध्ये कायम एकच सूर: "स्टाफला बदल नको असतो." म्हणून परत ट्रेनिंग. अहो, आमच्या पन्नाशीपुढच्या सिस्टर यूपीआयने भाजी घेतात, भिशीचा हिशेब मोबाइलवर ठेवतात. सॉफ्टवेअर त्या पंधरवड्यात शिकल्या. अडलं कुठे, तर लिहिण्याचं काम एकाच्या हातून निघून दुसऱ्याच्या गळ्यात पडलं तिथे. सर राऊंडला तोंडी ऑर्डर देणार, ती टाकायची आरएमओने, म्हणजे वॉर्डातल्या ड्युटी डॉक्टरने, आणि आरएमओला कॅज्युअल्टीतून बोलावणं. मग "सिस्टर, टाकून द्या ना, पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलाय." ऑर्डर डॉक्टरांच्या नावाने, बोटं आमची. उद्या काही झालं तर उत्तर कोण देणार?

व्हायटल्सचंही, म्हणजे ताप, नाडी, श्वास, बीपीच्या नोंदींचंही तसंच. कागदाच्या टीपीआर चार्टवर एक ठिपका काढला की झालं. इथे पेशंट शोधा, टॅब उघडा, भरा, सेव्ह करा, पुढचा पेशंट. तीस बेडच्या वॉर्डात रात्री दोन सिस्टर असताना हे जमत नाही. मग सगळं चिठ्ठीवर उतरवून पहाटे एकदम भरायचं, आणि रेकॉर्डमध्ये सगळ्यांचं बीपी एकाच वेळी घेतल्यासारखं दिसतं. याला हलगर्जी म्हणणाऱ्यांनी एक नाईट करून बघावी.

दोन गोष्टींनी फरक पडला. ट्रॉलीवरचा लॅपटॉप राऊंडबरोबर फिरायला लागला, म्हणजे ऑर्डर बेडपाशीच आरएमओच्या लॉगिनने पडते. आणि फोनवरच्या ऑर्डरला वेगळा रकाना आला: सिस्टरने स्वतःच्या नावाने नोंदवायची, डॉक्टरांनी नंतर मान्य करायची. त्यानंतर कुरकुर आपोआप कमी झाली, ट्रेनिंग न होता.

कॉपी-पेस्टचा रोग अजून आहे. कॅथेटर (लघवीची नळी) दुसऱ्या दिवशी काढलेलं असतं आणि डॉक्टरांच्या नोटमध्ये ते डिस्चार्जपर्यंत आतच असतं. कागदावर निदान हात दुखायचा, म्हणून मोजकं लिहिलं जायचं.

डिस्चार्ज समरी आता लवकर होते हे कबूल. पण नातेवाइकांना ते दिसत नाही. कॅशलेसमध्ये शेवटची मंजुरी तीन तासांत द्यायचा विमा नियामकाचा नियम २०२४ चा आहे. पण आमची फायनल फाईल गेल्याशिवाय ते घड्याळ सुरूच होत नाही, आणि फाईल अडते ती बिलिंगला न गेलेल्या एखाद्या औषधाच्या परतीवर. आभा नंबर, म्हणजे सरकारी आरोग्य-ओळख क्रमांक, त्याबद्दल लोक काउंटरवर घाबरून विचारतात. चौदा आकडी नंबर आहे, ऐच्छिक आहे, आणि तो दिला म्हणून तुमची फाईल तुमच्या संमतीशिवाय दुसऱ्या हॉस्पिटलला उघडत नाही.

कागद मात्र टाकू नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा एवढ्या मोठ्या संस्थेचं काम कित्येक दिवस हाताने लिहून चाललं. आमच्याकडे तर पावसाळ्यात लाइट गेली तरी पुरे. म्हणून कोऱ्या चार्टचा गठ्ठा औषधांच्या कपाटावर असतो, आणि वायफाय न पोचणाऱ्या टोकाच्या दोन बेडना तो एरवीही लागतो.

परत नुसत्या फायलींवर जायला मी तयार नाही. पाचात साडेतीन स्टार. उरलेला दीड हँडओव्हरचा: ड्युटी बदलताना अख्ख्या वॉर्डाचं बाकी काम एका पानावर दिसत नाही, म्हणून आमची 'ओव्हर'ची वही अजून चालू आहे. ते पान द्या, वही आम्ही स्वतःच बंद करू.