रीफ टँक थंड ठेवण्यासाठी चिलर की पंखे?

समुद्री रीफ टँक, म्हणजे प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवायची खाऱ्या पाण्याची काचेची टाकी, घरी बसवायचे ठरवले की काच, दिवे, मीठ आणि खडक यांविषयी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. मात्र तो सल्ला बहुधा मुंबई-पुण्याच्या हवेतला असतो. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात मे महिन्यात बाहेर 45 अंश आणि कवेलूच्या घरात भर दुपारी 36-37 अंश तापमान असते. प्रवाळांना 24 ते 27 अंशांचे पाणी मानवते आणि ते 30 अंशांच्या वर काही दिवस राहिले, तर त्यांच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल निघून जाऊन प्रवाळ पांढरे पडतात. म्हणून इकडे पहिला टँक घेणाऱ्याने सर्वांत आधी पाणी थंड कसे ठेवायचे ते ठरवावे. मी माझा 200 लिटरचा टँक पहिला उन्हाळा चिलरवर, म्हणजे फ्रिजसारख्या कॉम्प्रेसरने पाणी थंड करणाऱ्या यंत्रावर, आणि नंतरचे दोन उन्हाळे पंख्यांवर सांभाळला आहे. त्या अनुभवावरूनच लिहितो आहे.

चिलरची बाजू भक्कम आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. 26 अंश लावले की पाणी 26 च्या आसपास राहते, हवा कोरडी असो वा दमट, आणि पाण्याचा खारेपणाही फारसा हलत नाही. तो पाण्यातून काढलेली उष्णता खोलीत सोडतो, म्हणून मी भिंतीला भोक पाडून नळ्या बाहेर काढल्या आणि यंत्र ओसरीत ठेवले. आवाज आणि वीजबिल यांचेही मला फार वाटले नाही. जमले नाही ते वेगळ्याच कारणाने.

आमच्या गावठाण फीडरवर, म्हणजे गावातल्या घरांना वीज देणाऱ्या वाहिनीवर, संध्याकाळी सहाच्या सुमारास घरोघरचे कूलर आणि दिवे एकदम लागतात आणि विजेचा दाब खाली येतो. स्टॅबिलायझरवरचा आकडा 165 व्होल्टच्या खाली उतरला की तो कॉम्प्रेसरचा पुरवठा तोडत असे. तीन मिनिटांनी पुन्हा जोडत असे, कॉम्प्रेसर घरघरून उठू पाही, त्या ओढीने दाब आणखी उतरे आणि पुन्हा ‘टक्’ असा आवाज होई. रात्री दहापर्यंत हेच चाले. पाणी हळूहळू तापते, त्यामुळे टँकमधले सर्वाधिक तापमान दुपारी दोनला येत नाही, ते संध्याकाळीच येते. म्हणजे ज्या वेळी चिलरची गरज सर्वाधिक, नेमक्या त्याच वेळी तो बंद. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी थर्मामीटर 29.8 वर गेला तेव्हा मऊ अंगाचे मशरूम प्रवाळ आक्रसून बटणाएवढे झाले होते, गोगलगायी पाण्याच्या काठापर्यंत चढल्या होत्या आणि क्लाऊनफिश या माशांची जोडी पंपाच्या तोंडाशी भराभर कल्ले हलवत होती, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. घरच्या इन्व्हर्टरला कॉम्प्रेसर सुरू होतानाचा भार पेलवला नाही. तो ‘टक्’ आवाज ऐकत बसण्याइतकी हतबलता मला या छंदात दुसऱ्या कशानेही आली नाही.

पंख्यांची गोष्ट साधी आहे. टँकच्या काठावर संगणकाचे 12 व्होल्टचे दोन पंखे पाण्याच्या पृष्ठभागावर तिरके वारा घालतात. एक लिटर पाण्याची वाफ होताना जवळजवळ पाऊण युनिट विजेइतकी उष्णता जाते, आणि वैशाखातली आमची कोरडी हवा ते पाणी आनंदाने उचलते. वीज गेली तर फवारणी पंपाची बॅटरी जोडली की पंखे आणि हवेचा एक लहान पंप यांची रात्र निघते. माझ्याकडे पाणी 27 ते 27.5 वर राहिले. बैठकीतल्या कूलरने हवा दमट केली तेव्हा मात्र ते दोन दिवसांत 29 पर्यंत चढले, म्हणून टँक माजघरात हलवला; पंखे वापरणाऱ्याने त्या खोलीत कूलर ठेवूच नये, असे मला वाटते. पावसाळ्यात हवा ओली असल्याने पंखे मंदावतात, पण तेव्हा घरही तितके तापत नाही.

पंख्यांचा खरा त्रास पाण्याचा आहे. मे महिन्यात माझ्या टँकमधून रोज सहा लिटरच्या आसपास पाणी जाते. मीठ मागे राहते, त्यामुळे भर घातली नाही तर एका दिवसात खारेपणा दर हजारी 35 वरून 36 च्या वर जातो. ही भर गोड्या पाण्याची आणि तीही आरओ-डीआय केलेल्या, म्हणजे गाळणीतून विरघळलेले क्षार काढून टाकलेल्या, पाण्याचीच हवी. बोअरचे पाणी घातले तर त्यातले क्षार आणि शेतातल्या खतांतून झिरपलेले नायट्रेट रोज थोडे थोडे साचत जातात. भर आपोआप पडावी म्हणून मी फ्लोट लावला आहे, मात्र कूलरचा पितळी फ्लोट कधीही लावू नये. पितळेतले तांबे गोगलगायी, कोळंबी आणि प्रवाळ यांना मारते. पूर्ण प्लास्टिकचा फ्लोट मिळतो, तोच घ्यावा. खारट तुषारांनी पंख्यांचे बेअरिंग एका हंगामात जाते, म्हणून एक पंखा जादा ठेवावा.

चिलरचा आग्रह मुख्यतः दगडी सांगाड्याच्या नाजूक प्रवाळांसाठी धरला जातो. आपल्याकडे अशी खडक बांधणारी सर्व प्रवाळे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित जीवांत, आहेत, त्यामुळे पहिल्या टँकसाठी तो विचार सोडलेलाच बरा. खडकसुद्धा प्रवाळाचा न घेता कृत्रिम घ्यावा. पैदाशीतले क्लाऊनफिश आणि मशरूम यांना 27.5 अंश माझ्या पाहण्यात बाधलेले नाहीत. नागपुरात स्थिर दाबाची वीज असलेल्या घरी चिलर कदाचित माझ्या पंख्यांपेक्षा सरस ठरेल आणि तिथल्या माणसाला मी अडवणार नाही. खेड्यातल्या फीडरवर मात्र मी पुन्हा सुरुवात केली, तर चिलरचे पैसे आधी आरओ-डीआय आणि बॅटरीवर घालीन.

निर्णय होत नसेल, तर मार्चमध्ये टँक भरून त्यात फक्त खारे पाणी, खडक आणि पंखे ठेवावेत. अमोनिया खाणारे जिवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतातच. तेवढ्यात मे येतो, आणि रोज संध्याकाळी सात वाजता तापमान वहीत लिहून ठेवले की आपल्या घरात पंखे पुरतात का, ते एकही जीव पणाला न लावता कळते. मासे जुलैत आणावेत. तेव्हा नागपूरहून येणारी पिशवीही वाटेत तापत नाही.