नऊ महिने, तीन मास्क : सीपॅपचा माझा अनुभव

मागच्या वर्षी गणपतीनंतर माझी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, झाली. एएचआय आला ३८, म्हणजे झोपेत तासाला सरासरी ३८ वेळा श्वास अडकत होता किंवा उथळ होत होता. ५ च्या आत असेल तर ठीक, ३० च्या वर गंभीर. माझं वय ५३, अंगाने बेताची, त्यामुळे झोपेत श्वास अडकण्याचा हा आजार, स्लीप ॲप्निया, कुणाच्या डोक्यात आलाच नव्हता. दुपारच्या तासाला फळ्याकडे तोंड करून उभी असताना डोळे मिटायचे. सकाळी डोकं जड असायचं. सगळ्यांनी, आणि मीसुद्धा, ते पाळी जाण्याच्या खात्यात टाकलं होतं. पाळी गेल्यावर बायकांमध्ये हा आजार वाढतो, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. बाई घोरते हे घरात कुणी मोठ्याने बोलत नाही, म्हणूनही बरीच वर्षं वाया गेली.

डॉक्टरांनी ऑटो सीपॅप लिहून दिलं, म्हणजे हवेचा दाब गरजेप्रमाणे स्वतःच कमी-जास्त करणारं मशीन. मशीनबद्दल मी फार लिहिणार नाही. ते उशाशी बसून हवा ढकलतं आणि आपलं काम चोख करतं. त्या हवेच्या दाबाने घसा आतून उघडा राहतो, एवढाच त्यातला उपचार. पण ती हवा चेहऱ्यापर्यंत आणणारा मास्क नीट बसला नाही तर पन्नास हजारांचं मशीन कोपऱ्यात धूळ खातं. माझं तसंच होणार होतं.

पहिला मास्क मशीनसोबतच आला, नाक-तोंड दोन्ही झाकणारा, फुल फेस. बसवायला आलेल्या माणसाने मला सोफ्यावर ताठ बसवलं, पट्टे आवळले, मशीन मिनिटभर चालू केलं आणि ‘बसला बघा’ म्हणून तो गेला. बसल्या जागी तो बसलाही होता. रात्री आडवी झाले आणि तासाभरात नाकाच्या दोन्ही बाजूंनी फुस्स करत हवा थेट डोळ्यांत. झोपल्यावर गालांचं मांस खाली-मागे सरकतं, चेहऱ्याचा आकारच बदलतो, हे तेव्हा कुठे माहीत होतं! मी पट्टे आणखी आवळले. तीच मोठी चूक. मास्कच्या कडेचं सिलिकॉन हवेने फुगून चेहऱ्याला टेकायचं असतं. ते दाबून चपटं केलं की त्याला सुरकुत्या पडतात आणि गळती वाढते. मी आवळत गेले, ते गळत गेलं. चौथ्या दिवशी नाकाच्या हाडावरची कातडी सोलली. शाळेत पोरं विचारायची, बाई, पडलात का?

सात आठवडे काढले. मशीनमधला वापराचा हिशोब रोज सरासरी अडीच तासांचा. पहाटे मास्क उशीखाली सापडायचा आणि तो कधी काढला ते मला आठवायचं नाही. ‘मला सीपॅप सोसत नाही’ असं मी बहिणीला फोनवर सांगूनही टाकलं होतं. आज वाटतं, त्या वाक्यावर मी थांबले असते तर? मला सोसत नव्हता तो मास्क, उपचार नव्हे. हा फरक त्या सात आठवड्यांत मला कुणी सांगितला नाही, म्हणून इथे एवढं पाल्हाळ लावते आहे.

छातीच्या डॉक्टरांकडे परत गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, नाकाने श्वास घेता येतो ना? मग तोंड का झाकलंय? अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०१९ च्या मार्गदर्शनातही फुल फेसपेक्षा नाकाच्या मास्कला पसंती आहे. मोठ्या मास्कचे पट्टे खालच्या जबड्याला मागे रेटतात, जीभ मागे जाते आणि घसा उघडा ठेवायला दाब जास्त लागतो. माझ्याच मशीनवर फुल फेस असताना दाब १२-१३ पर्यंत चढायचा, नाकाच्या मास्कवर तो ९ च्या आसपास राहू लागला. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा उपचार पहिल्यांदा मांडला, तोही पाच रुग्णांना नाकावाटेच हवा देऊन. मोठा मास्क म्हणजे जास्त खात्रीचा, ही माझी समजूत त्या दिवशी गेली. ज्यांचं नाक खरोखरच बंद असतं त्यांना फुल फेसशिवाय इलाज नाही, हे मात्र तितकंच खरं.

दुसरा मास्क नेझल पिलोज. नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकणारे दोन छोटे मऊ कोन आणि मागे एक पट्टा, बास. चेहरा मोकळा, चष्मा लावून वाचता येतं, टिकलीसुद्धा जागेवर. पहिल्या रात्री पाच तास झोपले. पण माझ्या डाव्या नाकपुडीत चमकी आहे, सातव्या वर्षापासूनची. तिची फिरकी आतल्या बाजूला जिथे येते, नेमका तिथेच तो कोन टेकायचा. तिसऱ्या दिवशी नाकपुडी सुजली. काढून ठेवा म्हणणं सोपं आहे. ती आईने घातलेली, आणि चार दिवस काढली तरी भोक बुजायला लागतं. कुठल्याही माहितीपत्रकात चमकीचा उल्लेख मला दिसला नाही. आपल्याकडे किती बायका नाकात चमकी घालतात! मास्क दाखवणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारायला हवा.

तिसऱ्या वेळी मी मिरजेला दुकानात गेले आणि स्पष्ट सांगितलं, आडवी झाल्याशिवाय घेणार नाही. त्या भल्या माणसाने आत बाकावर उशी टाकून दिली. कागदी मापाने नाकाची रुंदी घेतली, माझं माप मिडियम आणि स्मॉलच्या मधलं. मशीन १० च्या दाबावर ठेवलं. आधी उताणी, मग डाव्या कुशीवर, मग उजव्या, मग हनुवटी छातीकडे घेऊन. प्रत्येक वेळी पाचेक मिनिटं नुसती पडून राहिले. आमचे हे बाजूला स्टुलावर बसून मास्कच्या कडेने ओलं बोट फिरवत होते. ओल्या बोटाला बारीक गळतीसुद्धा गार लागते. मिडियम डाव्या कुशीवर सुटला, स्मॉल सुटला नाही. पट्टे इतके सैल की कानामागे बोट सहज जात होतं, तरी गळती नाही. अर्धा तास लागला. आधीच्या सात आठवड्यांपेक्षा तो अर्धा तास मला जास्त शिकवून गेला.

हा नाकाच्या खालून टेकणारा मास्क आहे, पाळण्यासारखा. नाकावर काही चढत नाही, नाकपुडीत काही शिरत नाही, चमकी बाहेर मोकळी. हवेची नळी डोक्यावर जोडलेली आणि तिथून गालांवरून दोन पोकळ हात खाली येतात. कुशीवर एक दबला तरी दुसऱ्यातून हवा येते. नळी वरून असल्याने कूस बदलताना गळ्यात अडकत नाही. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, कारण नुसतं नाव वाचून मागवलेला मास्क परतही करावा लागेल. प्रकार लक्षात ठेवा आणि आडवं होऊन बघा.

एक गोष्ट मात्र न विसरता विचारा : मास्कच्या क्लिपांमध्ये चुंबक आहे का? फिलिप्स रेस्पिरॉनिक्सने २०२२ मध्ये आणि रेसमेडने २०२३ मध्ये आपल्या चुंबकवाल्या मास्कांबद्दल सूचना काढल्या. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेलं तत्सम उपकरण असेल, तर असे चुंबक त्यापासून निदान १५ सेंटीमीटर दूर हवेत, आणि हे शेजारी झोपणाऱ्यालाही लागू आहे. आमच्या ह्यांना पेसमेकर आहे. पहिल्या मास्कच्या दोन्ही क्लिपा चुंबकाच्या होत्या आणि आम्ही एकाच पलंगावर झोपत होतो. हे कळलं त्या दिवशी माझे हातपाय गार पडले. सुदैवाने काही झालं नाही.

नवा मास्कही पहिल्या दिवसापासून गोड लागला असं नाही. पहिले दोन आठवडे तोंड उघडं पडायचं, हवा तोंडातून निघून जायची आणि पहाटे जीभ लाकडासारखी. तोंडाला चिकटपट्टी लावायचा सल्ला मला एकीने दिला. मी तो घेतला नाही, तुम्हीही आपल्या मनाने घेऊ नका. नाक-कान-घसा डॉक्टरांनी ॲलर्जीचा स्प्रे दिला आणि मी संध्याकाळी जलनेती सुरू केली, उकळून गार केलेल्या पाण्याने. नाक मोकळं झालं तसं तोंड आपोआप मिटलं. मशीनमधला हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायरही एक घर वाढवला. थंडीत मात्र नळीत पाणी साचून गुळगुळ आवाज यायचा. मशीन पलंगापेक्षा खाली स्टुलावर ठेवलं आणि नळीवर पांघरूण टाकलं, थांबला.

तेलाचं सांगते. शनिवारी रात्री डोक्याला खोबरेल थापून झोपायची माझी चाळीस वर्षांची सवय. तेलाने पट्टा निसटतो आणि सिलिकॉन लवकर खराब होतं. आता तेल रविवारी सकाळी, न्हाण्याआधी दोन तास. रात्रीचं क्रीमही बंद. अंबाडा मानेवर असला की मागचा पट्टा वर सरकतो, म्हणून सैल वेणी घालते. कुशन, म्हणजे मास्कचा चेहऱ्याला टेकणारा सिलिकॉनचा भाग, रोज सकाळी कोमट पाण्यात लहान मुलांच्या साबणाने धुते आणि सावलीत वाळवते. डेटॉल, स्पिरिट, कडक ऊन, तिन्ही नकोत.

गालांवर पट्ट्याचे वळ उठायचे. सासूबाईंच्या जुन्या सुती लुगड्याच्या दोन पट्ट्या शिवून त्यांची खोळ केली आणि वळ गेले. फक्त श्वास बाहेर जायची बारीक भोकं झाकली जाणार नाहीत याची काळजी घेतली. तिथून सतत येणारी हवा म्हणजे गळती नव्हे, उच्छ्वास बाहेर पडायची ती वाट आहे. आवाज होतो म्हणून त्या भोकांवर टेप लावणारे लोक आहेत, कृपा करून तसं करू नका.

उन्हाळ्यात रात्री वीज गेली की मशीन बंद पडून जाग यायची. नाकाचाच मास्क असल्याने तोंडाने श्वास घेता येतो. फुल फेसमध्ये अशा वेळी बाहेरची हवा आत घेणारी झडप असते. आता मशीन घरच्या इन्व्हर्टरवर आहे.

आज रोजचा वापर सरासरी साडेसहा तास, एएचआय ३ च्या आत. दुपारचा तास मी आता जागेपणी घेते. माझा श्वास थांबला की त्या शांततेने ह्यांना जाग यायची आणि हे खांदा हलवायचे. वर्षानुवर्षं रात्रीतून दोन-तीनदा. परवा सकाळी म्हणाले, रात्री उठलो होतो, पंख्यासारखा बारीक आवाज येत होता, परत झोपलो.

गेल्या आठवड्यात कुशनची कड पिवळट आणि मऊ पडलेली दिसली, डाव्या बाजूने गळतीचा आकडाही वाढला होता. पट्टे आवळले नाहीत. नुसतं कुशन मागवलं, स्मॉलच.