किमो चालू असताना हवापालट: पाचगणी, गुहागर की दक्षिण गोवा?

"चार दिवस कुठेतरी जाऊन या," असं डॉक्टर आईला म्हणाले आणि पुण्यात घरी पोचेपर्यंत रिक्षातच तीन नावं निघाली. बाबांचं पाचगणी, बहिणीचं गोवा. आईला समुद्र हवा होता, कुठलाही, म्हणून तिसरं गुहागर. तिन्हींचा अभ्यास मी केला, तो इथे मांडतोय.

जागेआधी तारीख ठरवा. किमो दर २१ दिवसांनी असेल तर पहिले काही दिवस मळमळ आणि थकव्यात जातात. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला असतात, मग काउंट, म्हणजे त्यांची संख्या, वर येते. म्हणून निघायचं ते तिसऱ्या आठवड्यात, दोन दिवस आधी सीबीसी (रक्तपेशी मोजणारी तपासणी) करून. किमो दर आठवड्याला असेल तर हे गणित चालत नाही, डॉक्टरांनाच विचारावं लागतं.

मग प्रश्न एकच: रात्री दोनला १००.४ ताप आला तर? एरवी आपण पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघतो. इथे ते चालत नाही. गोळीने ताप दबतो, संसर्ग दबत नाही. लगेच डॉक्टरांना फोन आणि रुग्णालय, तेही अँटिबायोटिकची सलाइन लावू शकणारं.

या कसोटीवर पाचगणी बरी. पुण्यापासून शंभरेक किलोमीटर, खाली वाई, पुढे सातारा, आणि अगदीच वाटलं तर तीन तासांत आपल्याच डॉक्टरांकडे. (क्षयाच्या रोग्यांना एकेकाळी तिथेच हवापालटाला पाठवायचे, बाबांचा हट्ट त्यातूनच आलेला.) अडचण पसरणी घाटाची. मळमळ पूर्ण गेली नसेल तर ती वळणं सोसत नाहीत.

गुहागर तिघांत सुंदर आणि तिघांत अवघड. कुंभार्ली घाट उतरून सहा-सात तास, वर खड्डे. चिपळूण तिथून सुमारे ४५ किलोमीटर, डेरवणचं मोठं रुग्णालय त्याच्याही पुढे. रात्री त्या रस्त्याने पेशंट न्यायचा विचार करूनच मी गुहागर खोडलं. किमो संपल्यावर मात्र पहिलं तेच.

दक्षिण गोव्यात बाणावली-कोलव्याकडे राहिलं तर मडगावचं जिल्हा रुग्णालय जवळ आणि बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज तासाभरावर. पुण्याहून विमान साधारण तासाभराचं, पण गोव्यात विमानतळ दोन, तिकीट काढताना दाबोळी की मोपा ते बघा. मोपा उत्तर टोकाला आहे, तिथून बाणावली गाठायला जवळपास दोन तास जातात. विमानात मास्क हवा. औषधं आणि रिपोर्ट हातातल्या बॅगेत.

आता एक गोष्ट, जी आम्हाला उशिरा कळली: किमोच्या औषधाचं नाव बघूनही जागा ठरते. ऑक्सॅलिप्लॅटिन चालू असेल तर गार हवेने, गार पाण्याने बोटांना आणि घशाला झिणझिण्या येतात, मग डिसेंबरची पाचगणी नको. कॅपेसिटाबिन असेल तर तळपाय आधीच लाल, दुखरे असू शकतात, आणि तापलेली वाळू त्याला वाईट. फाइव्ह-एफयूने ऊन पटकन लागतं. आईला पॅक्लिटॅक्सेल होतं. त्याने तळपाय बधिर होतात, शिंपला कापून गेला तरी कळत नाही, म्हणून ती वाळूत कॅनव्हासचे बूट घालून चालली. पाणी बुटात शिरल्यावर म्हणाली, "ओलं झालंय का रे? मला कळतच नाहीये."

पोहण्याचं म्हणाल तर दंडातून पिक लाइन (औषधासाठी शिरेत घातलेली, टोक बाहेर असलेली नळी) असेल तर समुद्रात उतरायचंच नाही. पोर्ट (औषधासाठी कातडीखाली बसवलेली छोटी डबी) असेल, जखम पूर्ण भरली असेल आणि सुई काढलेली असेल, तर डॉक्टरांना विचारून.

खाण्यात तिन्ही ठिकाणी मोह आहेत. पाचगणीला जाऊन कच्ची स्ट्रॉबेरी टाळायची हा छळच, पण तिचं साल काढता येत नाही आणि नीट धुतली जाईल याचा भरवसा नाही. कोकणात आणि गोव्यात तळलेली गरम सुरमई खुशाल खा. सोलकढी न उकळलेली असते, पाणी कुठलं ते कळत नाही, म्हणून ती आणि बर्फ घातलेला रस नको. केळं, सोललेलं संत्रं चालतं. गरम पेजेइतकं भरवशाचं काही नाही.

रेल्वेने जायचं ठरवलंत तर कॅन्सर पेशंटची सवलत गृहीत धरू नका, ती उपचारासाठीच्या प्रवासाला असते.

आम्ही गोवा निवडलं. पण काउंट कमी असतील आणि दोनच दिवस हाताशी असतील, तर पाचगणीसुद्धा नको, पानशेतच्या बाजूला एखादी शांत खोली घ्या. काहीही घेतलंत तरी पैसे परत मिळणारं बुकिंग घ्या, दहा टक्के जास्त पडले तरी. आमची पहिली तारीख निघायच्या आदल्या दिवशी सीबीसीने खाल्ली, आणि बाणावलीची खोली किमोच्या पुढच्या फेरीच्या सोळाव्या दिवसावर गेली.