बिनमुठीच्या दोन सुऱ्या: म्यूल टीम, काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगून टाकते. स्वयंपाकघरात ५२१०० या पोलादाची सुरी राहिली आणि के-३९० पोलादाची नवऱ्याच्या गॅरेजमध्ये गेली. धार किती टिकते याच्या आकड्यांवर विश्वास ठेवला असता तर नेमकं उलट व्हायला हवं होतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: स्पायडरको ही कोलोरॅडोतल्या गोल्डन गावची कंपनी. १९८१ साली त्यांनी खिशाला क्लिपने अडकवायचा आणि पात्यातल्या गोल भोकात अंगठा घालून एका हाताने उघडायचा चाकू काढला. त्यांचीच ‘म्यूल टीम’ नावाची मालिका आहे. साडेतीन इंचांच्या आसपासचं न मिटणारं पातं, मागे भोकं पाडलेली पोलादी पट्टी, आणि मूठ नाहीच. प्रत्येक वेळी पात्याचा आकार तोच ठेवून फक्त पोलाद बदलतात. गिऱ्हाइकाने मूठ बसवायची, वापरायचं आणि काय अनुभव आला ते कळवायचं.

गिऱ्हाइकाचं मत विचारणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत. बहुतेक वेळा चार रंग दाखवतात आणि कोणता आवडला विचारतात. इथे सुरी हातात देतात, तीही अशी की फरक जाणवला तर तो पोलादाचाच असणार. मला ही पद्धत मनापासून पटते.

माझ्याकडे दोन आहेत. एक ५२१००, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या ज्याच्या करतात ते पोलाद: साधारण १ टक्का कार्बन, दीड टक्का क्रोमियम. दुसरी के-३९०, ऑस्ट्रियाच्या बोलर कंपनीचं, भुकटीपासून तयार होणारं पोलाद, ज्यात व्हॅनेडियम तब्बल ९ टक्के असतं. दोन्ही गंजतात, कारण दोन्हींत क्रोमियम कमी. दोघींना नवऱ्याने अक्रोडाच्या लाकडाची मूठ बसवली, एपॉक्सी गोंद आणि पितळी पिना लावून. मुठी मुद्दाम सारख्या केल्या, नाहीतर फरक पोलादाचा की मुठीचा तेच कळलं नसतं. (कंपनीला येणाऱ्या अभिप्रायांत हा घोळ असणारच. प्रत्येकाची मूठ वेगळी.)

नव्या धारेवर दोघींत फरक करणं कठीण. कोथिंबीर, मिरच्या, आलं, दोन्ही लोण्यासारखं कापतात. पातं कण्यापासून धारेपर्यंत सपाट उतरत गेलेलं आहे, त्यामुळे गाजरात किंवा रताळ्यात फारसं अडकत नाही. लाल भोपळ्याला मात्र लांबी पुरत नाही, त्याला मोठी सुरीच काढावी लागते.

खरी गंमत पुढे. रोजच्या वापरात ५२१००ची धार दोनेक आठवड्यांत टोमॅटोच्या सालीवर घसरायला लागते. के-३९० तेव्हा मजेत असते. व्हॅनेडियमचे कार्बाइड, म्हणजे व्हॅनेडियम आणि कार्बन मिळून पोलादात होणारे बारीक कण, इतके कठीण असतात की झिजतच नाहीत म्हणा ना. पण मग एकदा ती बोथट झाली की त्याच कठीणपणाशी गाठ पडते. माझ्याकडचा साधा पांढरा दगड अॅल्युमिनियम ऑक्साइडचा, आणि हे कार्बाइड त्या दगडापेक्षा कठीण. घासत बसा, धार काही मनासारखी येत नाही. शेवटी हिऱ्याच्या कणांची पट्टी आणली तेव्हा काम झालं. ५२१००ला तोच जुना दगड पुरतो. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत धार लावून, चामड्यावर फिरवून, सुरी पुन्हा ओट्यावर. रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईला धार किती टिकते यापेक्षा ती परत किती लवकर येते हे जास्त महत्त्वाचं, असं माझं मत झालं आहे. कार्टन आणि दोरखंड कापणाऱ्या माणसाचं मत वेगळं असेल. आमच्या घरात ते आहेच.

गंजाचं म्हणाल तर कैरी चिरली की दोन्ही पाती काळी-निळी पडतात. आजीची विळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे नवं नाही. तो डाग म्हणजे गंज नव्हे, उलट तो थर बसला की तांबूस गंज जरा उशिरा धरतो. पहिले काही दिवस कांद्याला किंचित लोखंडी वास यायचा, नंतर गेला. आमच्या इथे डेन्व्हरच्या कोरड्या हवेत पुसून ठेवलं की काळजी नाही. पावसाळ्यात रत्नागिरीला गेले तेव्हा ५२१०० सामानात टाकून नेली होती, आणि तिथे मात्र रात्री नुसती पुसून ठेवलेल्या सुरीवर सकाळी तांबूस ठिपके. खोबरेल तेलाचं बोट फिरवायला लागले तेव्हा थांबले. कोकणात किंवा गोव्यात कायम वापरायची असेल तर या दोन्ही पोलादांच्या वाटेला जाऊ नका. कोरड्या हवेतल्या लोकांचे अभिप्राय वाचून तर मुळीच नको.

म्हणूनच या सगळ्या प्रकाराबद्दल माझी एक शंका आहे. म्यूल घेतात कोण? बहुतेक हौशी लोक, ज्यांना पोलादांची नावं पाठ असतात. त्यातल्या किती सुऱ्या मूठ न लावताच कपाटात पडून राहत असतील देव जाणे. अशा गिऱ्हाइकांना विचारलं तर उत्तर ‘आणखी कठीण, आणखी टिकाऊ’ असंच येणार. के-३९० पुढे डेलिका आणि एन्ड्युरा या त्यांच्या नेहमीच्या चाकूंतही आलं. खिशातल्या चाकूला ते शोभतंही. पण रोज भाजी चिरणाऱ्यांची संख्या त्या हौशी मंडळींत थोडी जास्त असती तर दगडावर चटकन धार येणाऱ्या पोलादांचीही इतकीच चर्चा झाली असती, असं वाटतं.

आणि आकाराबद्दल? तो म्यूलमध्ये ठरलेलाच असतो, आणि तुलना व्हायची तर असायलाच हवा. तरी मी कंपनीला लिहिलेल्या अभिप्रायात पोलादाबरोबर तेही लिहिलं आहे: मुठीजवळ पात्याची उंची अर्धा इंच वाढवा, म्हणजे चिरताना बोटांची पेरं पाटावर आपटणार नाहीत.