खोके फोडण्याआधीच गेलेले 2,149 रुपये

'पैसे वस्तू हातात आल्यावरच द्यायचे, मग फसवणूक होईलच कशी?' हा हिशेब आपण सारेच करतो आणि फसवणारेही नेमका तोच धरून चालतात. प्रत्यक्षात हातात येते ते बंद खोके, आणि ते फोडण्याआधी रोख मोजून द्यावी लागते.

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात शेती करतो. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, तुडतुडे पडले, त्यातच जुन्या फवारणी पंपाची बॅटरी बसली. कृषी केंद्रात 3,400 रुपयांना सांगितलेला 16 लिटरचा चार्जिंग पंप फेसबुकवरील जाहिरातीत 2,149 रुपयांत होता आणि 'आगाऊ एक रुपयाही नको' असे ठळक अक्षरांत लिहिले होते. याला ज्यांना हाव म्हणायचे असेल त्यांनी मजूर धुऱ्यावर येऊन थांबलेले असताना साडेबाराशे रुपयांवर पाणी सोडून दाखवावे.

संताप येतो तो त्या एका क्षणाचा. कुरिअरच्या मुलाने ते खोके दोन बोटांत धरून आणले. असा पंप रिकामाही चार-पाच किलो भरतो, आणि चिठ्ठीवर वजन छापले होते 0.5 किलो. मालाच्या रकान्यात 'किचन वस्तू' आणि पाठवणाऱ्याचे नाव जाहिरातीतल्यापेक्षा निराळेच! हे सारे माझ्या डोळ्यांसमोर होते. परंतु त्याला पुढच्या गावी जाण्याची घाई, 'आधी पैसे, मग उघडा' हा त्याचा नियम, आणि मी नोटा मोजल्या. आत रद्दी कोंबलेली आणि कुंड्यांवर पाणी मारायची प्लास्टिकची बाटली. चिठ्ठीवरील वजन आणि नाव आधी वाचा. शंका आली तर पार्सल परत पाठवा, दारात नकार देता येतो.

ठाण्यात जमादार म्हणाले, "एवढ्याशा रकमेसाठी कशाला आलात? 1930 वर फोन लावा." 1930 ही सायबर फसवणुकीच्या तक्रारींची मदतवाहिनी. तिची यंत्रणा मुख्यतः पैसे ज्या खात्यात गेले ते गोठवण्यासाठी आहे, त्यामुळे तिथे व्यवहार क्रमांक मागितला, रोखीला तो कुठून आणायचा? म्हणून दारातही शक्यतो क्यूआर स्कॅन करूनच पैसे द्या, निदान नोंद तरी राहते. कुरिअर कंपनीचे उत्तर तर ठरलेलेच, 'आम्ही फक्त पोहोचवतो.' वास्तविक वसूल केलेली रोख सहसा काही दिवस कुरिअरकडेच असते आणि नंतर विक्रेत्याकडे वळती होते. त्याच संध्याकाळी लेखी तक्रार देऊनही ती रोख अडवण्याची तसदी कोणी घेतली नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपल्याच जिल्ह्यात दाद मागता येते आणि 5 लाखांपर्यंत शुल्क नाही, हे खरे. परंतु नोटीस बजावायची कोणाला? 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनी विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि तक्रार अधिकारी जाहीर करणे बंधनकारक केले असताना त्या पानावर केवळ एक व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक होता. जिथे पत्ता नाही तिथून काहीही मागवू नका.

पुढे 'परतावा देतो, पिन टाका' असाही फोन आला. पैसे घेताना पिन लागत नाही, एवढे मला ठाऊक होते. फोन मी कापला. खोके फोडतानाचे चित्रीकरण मात्र माझ्याकडे नाही आणि कुरिअर कंपनी आता तेच मागते आहे. दरम्यान, त्याच पंपाचा तोच फोटो दुसऱ्या नावाच्या पानावर 1,899 रुपयांना झळकतो आहे.