धुळ्याजवळची भरती अकॅडमी: नेव्हीसाठी मुलगा तीन महिने ठेवला होता, ग्राउंड एक नंबर पण लेखीचं तुम्हीच बघा

मुलाने बारावी सायन्सचा शेवटचा पेपर दिला आणि त्याच रात्री जेवताना म्हणाला, मला नेव्हीत जायचंय, अग्निवीर एसएसआरचा (बारावी झालेल्यांची खलाशी भरती) फॉर्म भरतो. आम्ही अमळनेर तालुक्यातले, गावात आर्मीत गेलेली पोरं आहेत, पोलिसात आहेत, पण नेव्हीत कोणीच नाही त्यामुळे विचारायचं कोणाला इथूनच सुरुवात. सासूबाईंनी तर दोन दिवस एकच धोशा लावला होता, "इतला लांब काबर धाडतस पोऱ्याले, पानीमा कसा ऱ्हाई तो?" शेवटी गावातल्या पोलीस झालेल्या एका मुलाच्या सांगण्यावरून धुळ्याजवळच्या भरतीपूर्व अकॅडमीत एप्रिल ते जून तीन महिने ठेवलं. राहणं, जेवण, ग्राउंड, क्लास सगळं धरून महिना ७ हजार आणि २ हजार डिपॉझिट. अकॅडमीचं नाव टाकत नाही कारण खाली तक्रार पण लिहिलीय, आणि सर माणूस म्हणून खरंच चांगले आहेत.

आधी ग्राउंडचं सांगते कारण पैसे खरे तिथे वसूल झाले. नेव्हीला मुलांना १.६ किमी ६ मिनिटं ३० सेकंदात पळायचं असतं, नंतर २० उठक-बैठक, १५ पुशअप, १५ सिटअप. आमचा मुलगा गेला तेव्हा ७ मिनिटं ४० सेकंद लागत होते आणि तिसऱ्या फेरीतच पोट धरून उभा राहायचा. एप्रिल-मे मधे आपल्याकडे सकाळी आठलाच ऊन चटके देतं, म्हणून सर पावणेपाचला शिट्टी मारायचे आणि साडेसहाला सगळं आटोपलेलं असायचं. सरांची पद्धत अशी की पहिला आठवडा कोणालाच जोरात पळू देत नाहीत. चार फेऱ्या, प्रत्येक फेरी ९७ सेकंदांच्या आत, बस एवढंच डोक्यात ठेवा म्हणतात, पहिल्या फेरीत ८० सेकंदात येणाऱ्याला थांबवून परत मागे पाठवतात. मुलगा फोनवर घड्याळातल्या आकड्यांशिवाय दुसरं काही बोलतच नव्हता, आज ९९, आज ९६, आज शेवटची ९४. पुशअपला पण छाती पूर्ण खाली गेली नाही तर सर मोजतच नाहीत, १५ म्हणता म्हणता पोरांचे २५ व्हायचे.

आता टेपची गोष्ट. मे च्या पहिल्या आठवड्यात मुलाचा फोन आला, आई ६:२० आले. घरात आनंदीआनंद. त्या रविवारी आम्ही भेटायला गेलो तर आमचे हे ट्रॅकवर फिरता फिरता म्हणाले मला हा ४०० मीटरचा वाटत नाही. शेतात ठिबकच्या नळ्या टाकायचा ३० मीटरचा टेप गाडीच्या डिकीत होता, तो काढला आणि बापलेकाने वाकून वाकून आतल्या चुन्याच्या रेषेवरून पूर्ण फेरी मोजली. ३८२ मीटर भरली. म्हणजे चार फेऱ्यांत ७२ मीटर कमी, म्हणजे ती ६:२० खरी धरली तर साडेसहाच्या वर जाते आणि पोरगा नापास! माझ्या तर पोटात गोळाच आला. ह्यांनी जाऊन सरांना सांगितलं, मला वाटलं आता वाद होणार, पण सर स्वतः टेपचं एक टोक धरून परत फिरले, मोजलं आणि सगळ्या पोरांसमोर म्हणाले चूक माझी आहे. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या आत नवीन चुना मारलेला होता. त्या पोरांच्या आईवडिलांपैकी कोणी आधी मोजलं नसेल याचंच मला जास्त वाईट वाटलं, कारण त्याच ट्रॅकवर पळून कितीतरी पोरं परीक्षेला गेली असतील.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. जूनमधे दोन पाऊस पडले आणि काळ्या मातीचा ट्रॅक चिखल झाला, तर पोरांना सरळ डांबरी रस्त्यावर पळवायला लागले आणि मुलाच्या दोन्ही पायांच्या नडग्या दुखायला लागल्या. तो चार दिवस तसाच पळला, आम्हाला कळवलं नाही, अकॅडमीने पण कळवलं नाही, शेजारच्या खाटेवरच्या मुलाने फोन केला तेव्हा कळलं. हाडांच्या डॉक्टरांनी दहा दिवस पळणं पूर्ण बंद ठेवायला सांगितलं आणि अजून पळला असता तर हाडाला बारीक चीर गेली असती म्हणाले. सतरा वर्षांचं पोर आहे, त्याला वाटणारच की दुखतंय म्हटलं तर आपल्याला बाहेर काढतील, हे मोठ्या माणसांनी ओळखायला पाहिजे ना. मी हे सरांना तोंडावर बोलले. त्यानंतर बूट बघितले तर टाचेकडून सोल पार झिजलेला, ते आमच्याही लक्षात आलं नव्हतं.

लेखी. इथे मात्र नाराज आहे आणि ज्यांना मुलगा नेव्हीलाच पाठवायचाय त्यांनी हे नीट वाचा. बोर्डावर नेव्ही लिहिलेलं असतं पण बॅच एकच असते, पोलीस भरती, एसआरपीएफ, आर्मी, नेव्ही सगळे एका खोलीत. क्लासमधे रोज मराठी व्याकरण, समास, प्रयोग, बुद्धिमत्ता, जे पोलीस भरतीला लागतं. नेव्हीच्या एसएसआरच्या पेपरला इंग्लिश, सायन्स, गणित आणि जीके असतं, बारावीच्या लेव्हलचं, १०० प्रश्न आणि एकच तास, चुकलं की पाव मार्क कट, आणि प्रत्येक विषयात वेगळं पास व्हावं लागतं. पेपर हिंदी आणि इंग्लिशमधे येतो, मराठीत येत नाही. फिजिक्स शिकवायला अकॅडमीत माणूसच नव्हता. आणि नेव्हीत ग्राउंड फक्त पास व्हायचं असतं, पळण्याचे मार्क धरून मेरिट लागत नाही, ते लेखीवर लागतं. म्हणजे मुलगा पाच मिनिटांत पळाला तरी फिजिक्स कच्चं असेल तर उपयोग नाही. आम्ही मग अमळनेरच्या एका अकरावी-बारावीच्या ट्यूशनवाल्या सरांना विनंती केली, त्यांनी रोज रात्री ८ ते ९ व्हिडिओ कॉलवर गणित आणि फिजिक्स घेतलं, दीड महिन्याचे ४ हजार. मे मधली पहिल्या टप्प्याची ऑनलाइन परीक्षा तो पास झाला ती त्या सरांच्या जिवावर, हे मी अकॅडमीतही सांगितलं.

मेस ठीक. सकाळी मोड आलेली मटकी आणि केळी, दुपारी पोळी वरण भात, रविवारी शेवभाजी. पोटभर देतात, अंड्याचे पैसे वेगळे.

ऑफिसातल्या ताई मात्र फार कामाच्या. फॉर्म भरताना त्यांनी दहावीचं मार्कशीट आणि आधार शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर बघितलं, माझं नाव दोन्हीकडे वेगळं होतं, ते आधी दुरुस्त करून आणायला लावलं कारण फॉर्ममधे सगळं दहावीच्या सर्टिफिकेटप्रमाणेच लागतं. डोमिसाईलसाठी पण त्यांनीच लवकर पाठवलं, नाहीतर सेतूवर गर्दीत अडकलो असतो. मेडिकलच्या आधी कानातला मळ आणि दातांवरचा थर साफ करून घ्या हे पण त्यांनीच सांगितलं, आम्हाला वाटलं उगाच खर्च, पण ही सूचना नेव्हीच्या जाहिरातीतच असते. डोळ्याच्या डॉक्टरांकडे ठिपक्यांतले आकडे वाचायची रंगांची टेस्ट पण पहिल्याच आठवड्यात करून घेतात. शिरपूरकडचा एक मुलगा त्यात अडकला. सरांनी त्याच्या वडिलांना बोलावून शांतपणे सांगितलं की नेव्हीची आशा धरू नका, आणि त्याची उरलेली फी परत केली. ते काका बाहेर बाकावर फी चं पाकीट हातात धरून बराच वेळ बसले होते, मी पाणी नेऊन दिलं, काय बोलावं सुचलं नाही.

पालक मीटिंग एकदाच झाली पण सरांनी काही लपवलं नाही. चार वर्षांची नोकरी, त्यातले २५ टक्क्यांपर्यंतच पुढे कायम होतात, पहिल्या वर्षी पगार ३० हजार पण त्यातले ९ हजार निधीला कापून हातात २१ हजार, चार वर्षांनी सरकारचा वाटा आणि व्याज धरून साधारण ११.७१ लाख, पेन्शन नाही. निवड करून देतो म्हणून पैसे मागणारा कोणीही आला तर त्याला दारातून हाकला, हे त्यांनी तीनदा सांगितलं. ते ऐकून मी घरी येऊन ह्यांच्याशी रात्रभर बोलले, कारण मुलाला अठरा पूर्ण व्हायला अजून वेळ आहे आणि भरतीच्या कागदावर सही आम्हालाही करावी लागणार. चार वर्षांनी तो बावीसचाच असेल, पुढे शिकू शकतो, असं मनाशी ठरवलं. त्याला वाईट वाटेल म्हणून रडले नाही, पण पोरगा जिथे सोळा आठवडे ट्रेनिंगला जाईल ते ओडिशातलं आयएनएस चिल्का मोबाईलच्या नकाशावर मी रोज काढून बघते.

माझ्याकडून ग्राउंडला ५ पैकी ५, कागदपत्रांना ५, मेसला ३, लेखीला १. पोलीस किंवा आर्मीसाठी डोळे झाकून पाठवा. नेव्हीसाठी पाठवणार असाल तर आधी फिजिक्स-गणिताची सोय करा, पाय दुखला तर आधी आम्हाला फोन करायचा हे मुलाकडून कबूल करून घ्या, आणि पहिल्याच दिवशी ट्रॅक मोजा.

जुलैत त्याचं ग्राउंड ५ मिनिटं ५४ सेकंदांत निघालं, दुसऱ्या टप्प्याची लेखी आणि मेडिकलही झालं, आता मेरिट लिस्टची वाट बघतोय. चिल्काला पोचल्यावर परत मेडिकल होतं म्हणून सरांनी फोन करून पळणं सोडू नको सांगितलंय. रोज पहाटे बोरी नदीकडच्या कच्च्या रस्त्याने तो पळतो, हे मोटरसायकल घेऊन मागे, आणि आल्यावर सासूबाई दुधाचा पेला हातात देताना आधी किती मिनिटं लागली ते विचारतात.