पॅराशूटवरचे दोन शोधनिबंध: २००३चा की २०१८चा?

दोन्ही ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाच्या नाताळ अंकांतले, दोन्ही गंभीर चेहऱ्याने केलेली थट्टा. २००३मध्ये गॉर्डन स्मिथ आणि जिल पेल यांनी पॅराशूटने जीव वाचतो याचा यादृच्छिक चाचण्यांतला (म्हणजे कोणाला उपचार द्यायचा हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवणाऱ्या चाचण्यांतला) पुरावा शोधला. एकही चाचणी सापडली नाही. मग पुराव्याचा अतिआग्रह धरणाऱ्यांनीच अशा चाचणीत उड्या माराव्यात, असं सुचवून ते मोकळे झाले. चिमटा झकास, पण ‘आमचा उपचार म्हणजे पॅराशूटच, चाचणी कशाला?’ म्हणणाऱ्यांच्या तो आयताच हाती लागला.

रॉबर्ट येह आणि सहकाऱ्यांचा २०१८चा निबंध मला जास्त आवडतो, कारण त्यांनी चाचणी खरोखर घेतली. २३ जण, काहींच्या पाठीवर पॅराशूट, काहींच्या रिकामी सॅक. मृत्यू किंवा गंभीर दुखापत दोन्ही गटांत शून्य! इथेच वाचणं थांबवणारा फसतो, कारण विमान जमिनीवर उभं होतं आणि उडी सरासरी ०.६ मीटरची. खऱ्या चाचण्यांतही कधी कधी हेच होतं: जास्त धोका असलेले रुग्ण बाहेरच राहतात आणि उरलेल्यांवरून ‘उपचार निरुपयोगी’ असा शिक्का बसतो. विद्यार्थ्यांना एकच द्यायचा असेल, तर हा द्या.